पालथी झारी

एका राज्यात राजाची तहान भागवायला एक अख्खा डोंगर लागत असे. डोंगराच्या माथ्यावर एक झरा होता, झऱ्यात एक आसरा, म्हणजे पाण्यातली देवता, राहत होती, आणि त्या झऱ्याचं पाणी राजवाड्याखेरीज कुठं जात नसे. उजाडलं की म्हाळोजी नावाचा पाणक्या तांबडं मुंडासं बांधी, खांद्यावर घडी घातलेलं फडकं टाकी, फडक्यावर राजवाड्याची तांब्याची झारी ठेवी आणि डोंगर चढू लागे. झऱ्यावर पोचून तो म्हणे, "आसरामाय, पाणी." झारी आपोआप भरे. मग तो उतरे, आणि राजा भानुकीर्तीनं डोळे उघडून चूळ भरली की समोर झारी असे. म्हाळोजीच्या बापानं हेच केलं, आजानं हेच केलं. त्या घराण्यात मूल जन्माला आलं की आधी त्याचे पाय पाहत.

वाटेत एक खिंड लागे. उन्हानं करपलेली, झाडाचं नाव नाही. बैलांचे तांडे, कासार, माहेराला निघालेल्या लेकी, सगळे तिथं घामाघूम होऊन दम खात बसत आणि ठिबकणाऱ्या झारीकडे बघत. पण राजाचं पाणी दुसऱ्या कुणाच्या ओठाला लावायचं नाही असा नेम होता. म्हाळोजी खाली मान घालून पुढं जाई. त्या वळणावर त्याची चाल नेहमी जरा वाढत असे.

आता त्या राज्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथं कायदे थोडे होते आणि रीती पुष्कळ. त्यांतली सगळ्यांत मोठी रीत अशी, की कुणाचं भांडं रिकामं परत करू नये. चार दाणे तांदूळ घाला, पाण्याचा घोट घाला, काहीच नसलं तर तुळशीचं एक पान घाला; पण रिकामं देऊ नका. तुमच्या-आमच्याकडे ही रीत चुकली तर शेजारीण फार तर नाक मुरडते. त्या राज्यात रीत मोडली की ती देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्याही अंगावर उलटत असे.

तर एके दिवशी काय झालं, झुंबरनाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला. लांब दाढी, लहान डोळे, माणूस वाईट नव्हे. त्यानं चौकात एक दगडी हंस ठेवला, हंसाच्या पाठीवर हात फिरवला, मंत्र म्हटला. हंसानं चोच उघडली आणि डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी चोचीतून वाहू लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजानंही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता त्याचे हात थांबले, कारण त्याला म्हाळोजी आठवला.

राजा दुष्ट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. पण भानुकीर्ती मनानं मऊ होता, आणि मऊ माणसं कधीकधी दुष्टांहून जास्त घोळ घालतात. लहानपणापासून ज्याच्या हातचं पाणी प्यालो, त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? राजा महालात येरझारा घालत राहिला. शेवटी त्यानं आपल्या बोलक्या साळुंकीला बोलावलं आणि तिच्या कानात दोन वाक्यं सांगितली. मग तो आतल्या दालनात जाऊन बसला आणि त्यानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी म्हाळोजी भरलेली झारी घेऊन आला, तर उंबऱ्यावर साळुंकी.

"म्हाळोजी पाणक्यास राजाज्ञा," साळुंकी म्हणाली. "उद्यापासून पाणी नको. झारी उंबऱ्यावर ठेवावी. कळावे."

म्हाळोजीनं आत पाहिलं. चौकात हंस वाहत होता.

"हे महाराज स्वतः म्हणाले?"

"म्हणाले."

"मग मला का नाही म्हणाले?"

"ते मला सांगितलेलं नाही," साळुंकी म्हणाली, आणि चोचीनं उगाच पंख सारखे करू लागली.

म्हाळोजीला राग सहसा येत नसे. साठवणीत पडून राहिलेला सगळा राग त्या घटकेला आला. त्यानं झारी उचलली, त्या दिवशीचं सगळं पाणी पायरीवर ओतलं, शेवटचा थेंबसुद्धा झटकला, आणि झारी उंबऱ्यावर पालथी मारली. मुजरा केला नाही. मागं वळून पाहिलं नाही.

रीत तिथंच उलटली.

आत राजानं हंसाचं पाणी पेल्यात घेतलं. पेला ओठाशी नेला, तर पेला रिकामा. दुसरा घेतला, तोही रिकामा. "या झारीतला शुक्राचार्य कोण?" म्हणून राजा गरजला. झुंबरनाथानं हंसाच्या चोचीत काडी घालून पाहिली, हंसाला शिंक आली, बाकी काही निघालं नाही. राजाच्या हातात येईल ते भांडं रिकामं होऊ लागलं. दुधाची वाटी, खिरीचं पात्र, केळीचं पान, सगळं. शेवटी राजा हंसाच्या चोचीला तोंड लावून गुरासारखं पाणी पिऊ लागला आणि राणी त्याला हातानं घास भरवू लागली. सुरुवातीला दोघांना गंमत वाटली. मग राणीचा हात दुखू लागला.

उंबऱ्यावरची झारी कुणाला हलेना. पहाऱ्यावरच्यांनी जोर लावला, पैलवानांनी लावला. ज्याला त्याला तिला ओलांडून ये-जा करावी लागे, आणि ओलांडताना जो तो खाली बघे. म्हाळोजीला बोलावणं धाडा असं राणीनं सुचवलं. राजा म्हणाला, "उद्या." तो रोज उद्या म्हणे.

इकडे म्हाळोजी घरी पोचला. बायको तुळसा चुलीपाशी होती. वाटेत त्यानं मनाशी ठरवलं होतं, की दारातूनच सांगायचं.

"आलात?" तुळसा म्हणाली.

"आलो," म्हाळोजी म्हणाला, आणि पुढचं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. त्यानं तांबडं मुंडासं बांधलं, खांद्यावर फडकं टाकलं आणि घराबाहेर पडला. तुळसेला तो सांगे, की झारी आताशा वाड्यावरच ठेवतात. डोंगर चढून तो झऱ्याजवळच्या करवंदीच्या जाळीमागं बसून राही, आणि परतायची वेळ झाली की परते. आपण असं करतो आहोत याची त्याला लाज वाटे, आणि लाज वाटते म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करी. ज्यांचं काम सुटलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

मधून त्यानं दुसरं काम धुंडाळून पाहिलं. गवळ्यानं त्याला दुधाची चरवी पोचवायला दिली. पोचेपर्यंत चरवी कोरडी. तेल्यानं बुधला दिला. बुधल्यात वासही उरला नाही. राजाच्या हाताची जी गत, तीच त्याच्या हाताची झाली होती. लोक म्हणू लागले, म्हाळोजीच्या हाताला यश नाही. पाणक्याच्या हाताला यश नसलं तर त्यानं करायचं काय? त्याला आयुष्यात भांडं भरून नेण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. घरी कणगीतलं धान्य उतरत चाललं होतं. तुळसा भाकरी थापताना स्वतःची जरा लहान थापत होती, आणि ते त्याला दिसत होतं.

एका सकाळी तो असाच जाळीमागं बसला असता झऱ्याचं पाणी दुभंगलं आणि आसरा वर आली. ओले केस, हिरव्या बांगड्या, कपाळावर आठी.

"रोज येतोस आणि बसतोस," आसरा म्हणाली. "पाणी मागत नाहीस. झारी कुठाय?"

म्हाळोजीनं सगळं सांगितलं.

"पालथी मारलीस?"

"हो."

"रिकामी?"

"भरलेली होती. ओतून रिकामी केली."

आसरेनं कपाळाला हात लावला. "म्हणजे वर माझं पाणी पायरीवर. शाबास! अरे, तुझ्या घराण्यानं तांब्याची ती झारी कधी कोरडी ठेवली नाही, आणि शेवटच्या दिवशी तू हे केलंस. आता तुझाही हात रिकामा आणि त्याचाही."

"मग काय करू, माय?"

"झारी उचल. तुझ्याशिवाय कुणाला उचलायची नाही. आणि रीतीप्रमाणं भरून परत दे. पण आता तिला साधं पाणी पुरायचं नाही. तिच्यात तीन खऱ्या गोष्टी बोल. पहिली, घरात लपवली आहेस ती. दुसरी, जो तुझ्या जागेवर आला त्याच्याबद्दलची. तिसरी, ज्यानं तुला काढलं त्याच्या तोंडावर. खोटं तिच्यात टिकायचं नाही, सांगून ठेवते."

"हे केलं की माझी जागा मला परत मिळेल?"

"असं मी कुठं म्हटलं?" आसरा म्हणाली, आणि पाणी मिटलं.

म्हाळोजी बराच वेळ तिथं बसला. मग उठला आणि भर उन्हात, सगळ्यांच्या देखत राजवाड्यावर गेला. उंबऱ्यावर साळुंकी होतीच. त्याला पाहून ती उडीच मारत पुढं आली.

"आलात! फार बरं झालं. आम्ही हत्ती लावून पाहिला."

"झारी हलली?"

"हत्ती रुसला."

म्हाळोजी वाकला. पहाऱ्यावरचे बघत होते. ज्या उंबऱ्यावरून तो ताठ मानेनं गेला होता, तिथंच त्याला गुडघे टेकावे लागले. त्यानं झारीच्या कडीला हात घातला, आणि झारी पिसासारखी वर आली. आत अंधार होता, आणि जरा रागावल्यासारखा वास येत होता.

तो निघाला तशी साळुंकी त्याच्या मुंडाशावर येऊन बसली.

"तू कुठं?"

"तुमच्याबरोबर. त्या दिवशीचा निरोप मी आणला होता, तेव्हापासून मला दाणा गोड लागत नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "शिवाय झुंबरनाथ परवा सोन्याच्या साळुंकीबद्दल काहीतरी बोलत होता. म्हटलं, हे कसं करतात ते एकदा पाहून ठेवावं."

दोघं घरी आली. तुळसा अंगणात तांदूळ निवडत होती. म्हाळोजीनं झारी तिच्यापुढं ठेवली, तिच्यात तीन खऱ्या गोष्टी बोलायच्या आहेत एवढं सांगितलं आणि तो समोर बसला. डोक्यावरचं मुंडासं काढून त्यानं मांडीवर घेतलं, म्हणून साळुंकीला कुंपणावर जाऊन बसावं लागलं.

"तुळसे, माझं काम गेलं. बरेच दिवस झाले. मी रोज निघतो आणि झऱ्यावर नुसता बसतो. तुला सांगायचा धीर झाला नाही."

झारीत टण् असा आवाज झाला. साळुंकीनं वाकून पाहिलं. तळाशी पांढराशुभ्र तांदळाचा दाणा पडला होता.

तुळसा सूप हलवत राहिली. "मला सुरुवातीपासूनच ठाऊक आहे," ती म्हणाली.

"ते कसं?"

"दुसऱ्या दिवशी खांद्यावरचं फडकं कोरडं आलं. लग्न होऊन आल्यापासून मी ते रोज संध्याकाळी पिळून वाळत घालते. कोरडं कधी आलं नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज इतकं नीट मुंडासं बांधून निघत होतात," तुळसा म्हणाली. "माझ्यानं बोलवेना." मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. "पण आता बोललात ते फार बरं केलंत. काम गेलं म्हणजे तुम्ही गेलात असं नाही काही. चला, आधी जेवून घ्या. पुढचं खरं रिकाम्या पोटी बोलू नये."

ते जेवले. त्या दिवशी तुळसेनं दोन्ही भाकऱ्या सारख्या थापल्या.

पहिलं खरं असं पार पडलं, आणि अवघड वाटलं होतं तेच सोपं निघालं. दुसऱ्याचं तसं नव्हतं. राजवाड्याच्या चौकाकडे चालताना म्हाळोजी मनातल्या मनात हंसाची उणीदुणी काढत होता. दगडाचं पाणी ते. दगडाचाच वास येत असणार. कोमट असणार. उतरून आलेल्या पाण्याला चव असते, न चढता आलेल्याला कुठली? साळुंकीला हे सगळं ऐकू येत होतं, कारण तो पुटपुटत होता.

चौकात झुंबरनाथ दाढी कुरवाळत उभा होता. म्हाळोजीला पाहून तो जरा बाजूला सरकला. म्हाळोजी हंसापुढं गेला, झारी खाली ठेवली, ओंजळ केली आणि प्याला.

पाणी थंडगार होतं. गोड होतं. झऱ्यावर वाकून प्यावं तसंच होतं, अगदी तसंच.

"ठीक आहे," म्हाळोजी म्हणाला.

झारी गप्प.

"बरं आहे, पण..." म्हाळोजी म्हणाला, आणि झारी कुत्र्यासारखी गुरगुरली. झुंबरनाथ दचकून मागं झाला.

म्हाळोजीनं पुन्हा एक ओंजळ घेतली. या खेपेला तो सावकाश प्याला. त्याच्या मिशीवरून पाणी गळत होतं आणि त्यात थोडं डोळ्यांतलंही असावं.

"पाणी चांगलं आहे," तो म्हणाला. "माझ्या झऱ्याचंच आहे, आणि मी आणत होतो त्याहून ताजं आहे. माझे गुडघे दोन पावसाळ्यांपासून कुरकुरतात, उतरायला मला उशीर होऊ लागला होता. महाराज काही बोलत नसत, पण वाट बघत असत. हंस वाट बघायला लावत नाही. हे पाणी वाईट निघावं असं मला फार वाटत होतं. ते वाईट नाही."

टपकन एक थेंब झारीत पडला आणि हिऱ्यासारखा स्थिर राहिला.

झुंबरनाथ पुढं आला. त्यानं हात जोडले. "या हंसाला बोलता येत नाही," तो म्हणाला. "येत असतं तर त्यानं आधी तुम्हाला नमस्कार केला असता. मीच करतो."

मांत्रिकाचा नमस्कार घेऊन म्हाळोजी महालाच्या दारात आला. तिसऱ्या खऱ्याची त्यानं मनाशी पूर्ण तयारी केली होती. दरबारात निरोप कसे घेतात ते त्यानं आयुष्यभर ऐकलं होतं. तेव्हा तिथं काय म्हणायचं हे त्याला तोंडपाठ होतं.

राजा भानुकीर्ती आसनावर बसला होता. जरा वाळला होता. शेजारी राणी होती, उजवा हात कोमट पाण्यात घालून. म्हाळोजीला पाहताच राजाची नजर खाली गेली.

म्हाळोजीनं मुजरा केला, झारी मधोमध ठेवली आणि घसा खाकरला.

"महाराजांच्या कृपाछत्राखाली सेवा घडली हे माझं भाग्य. सेवकाची कसलीही तक्रार नाही."

झारी खाकरली आणि तिनं ते सगळे शब्द पिचकन थुंकून टाकले. शब्द गालिच्यावर घरंगळत गेले. साळुंकीनं जाऊन एकाला चोच मारून पाहिली.

"पोकळ आहेत," ती म्हणाली.

राजानं मान वर केली. म्हाळोजीनं मुंडाशाचं टोक हातात धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"तक्रार आहे, महाराज," तो म्हणाला. "काम गेल्याची नाही. हंस चांगला आहे, ते मी त्याच्या तोंडावर सांगून आलो. तक्रार तुमची आहे. तुम्ही लहान होतात, अंगात फणफणून ताप होता. सोन्याच्या पेल्यातून पाणी पिईनात, चांदीच्या वाटीतून पिईनात. थोरल्या राणीसाहेबांनी मला आत बोलावलं. तुम्ही माझ्या ओंजळीतून प्यालात आणि माझ्या मांडीवर झोपलात. ज्याच्या ओंजळीतून प्यालात, त्याला एवढी दोन वाक्यं तोंडानं सांगायला काय झालं होतं? पक्ष्याकडून कळवलंत? मी पाणी घेऊन दारात उभा होतो, आणि तुम्ही आत दार लावून बसलात. ते मला फार लागलं."

सगळ्यांनी झारीकडे पाहिलं. झारी थरथरली, पण आत काही पडलं नाही. ती आणखी कशाची तरी वाट पाहत होती.

"बाकी काय राहिलं?" म्हाळोजी तिला म्हणाला. आणि मग त्याला कळलं, काय राहिलं ते.

"हेही खरं आहे," तो हळू आवाजात म्हणाला, "की मी झारी ठेवली, तुम्ही पहिला घोट घेतला, की तुम्ही रोज डोळे मिटत होतात. अगदी लहानपणी मिटत होतात तसे. माझा बाप नेमासाठी डोंगर चढला असेल. मी तर ते बघायला चढत होतो. फार चांगले दिवस गेले माझे इथं. ते रागाच्या भरात मी पायरीवर ओतून दिले, ही माझी चूक."

तुळशीचं एक हिरवं पान झारीत अलगद उतरलं. त्यासरशी तळातून पाणी चढू लागलं, चढत चढत काठाशी आलं आणि थांबलं. म्हाळोजीनं भरलेली झारी दोन्ही हातांनी उचलली आणि राजापुढं धरली.

"महाराज, तुमचं भांडं."

राजा उठून उभा राहिला. गेले कित्येक दिवस त्याच्या हातात काही टिकलं नव्हतं, म्हणून झारी त्यानं जपून हातात घेतली. त्यानं झारी कलती केली. पाणी आलं. राजानं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

राणीनं कोमट पाण्यातून हात काढला. "सुटले एकदाची," ती म्हणाली.

"काका," राजानं डोळे उघडून हाक मारली. म्हाळोजीला त्यानं काका म्हणायचं राज्याभिषेकापासून सोडलं होतं. "मी घाबरलो होतो. तुमचा चेहरा पाहिला असता तर माझ्यानं ते बोलणं झालंच नसतं. म्हणून तुम्हाला बोलावलं नाही. चुकलो. हवं तर आत्ता तो हंस फोडून टाकतो. उद्यापासून तुम्हीच पाणी आणा."

दाराआडून झुंबरनाथाचा "अरेरे" असा आवाज आला.

हेच ऐकायला म्हाळोजी इतके दिवस झुरला होता. पण गुडघे त्याचे होते, आणि हंसाच्या पाण्याची चव अजून त्याच्या जिभेवर होती.

"नको, महाराज. हंस फोडू नका. मला काम परत नको. तुमच्या तोंडून निरोप पाहिजे. साळुंकीनं सांगितलं ते तुम्ही सांगा."

राजानं झारी छातीशी धरली. राणीनं त्याला कोपरानं हलकेच ढोसलं.

"म्हाळोजीकाका," राजा म्हणाला, "उद्यापासून पाणी नको. आजवर आणलंत त्या पाण्यावर माझं हे अंग वाढलं. तुमच्यासारखा पाणक्या या वाड्याला मिळाला नव्हता. आता तुम्ही दमू नका."

असं बोलणं, की ज्यानं माणसाचं काम जातं, ते ऐकून म्हाळोजीच्या छातीवरची धोंड उतरली. आता हे कसं, ते मला विचारू नका. त्यानं खाली वाकून मुजरा केला, मनापासून. राजानं त्याला स्वतःच्या हातानं विडा दिला आणि विचारलं, "पुढं काय करणार?"

"वाटेत एक खिंड आहे," म्हाळोजी म्हणाला. "तिथं माणसं तहानलेली बसतात. आयुष्यभर मी त्यांच्यासमोरून भरलेली झारी घेऊन मान खाली घालून गेलो. नेमच होता तसा. महाराजांनी तो नेम उठवला, तर तिथं पाणपोई घालीन म्हणतो. झऱ्यापासून खिंडीपर्यंत उतार थोडा आहे. तेवढा गुडघ्यांना झेपेल."

राजानं नेम तिथल्या तिथं उठवला. झऱ्यातल्या आसरेलाही विचारायला हवं होतं, म्हणून म्हाळोजी दुसऱ्या दिवशी वर गेला. आसरा म्हणाली, "इतकी वर्षं एकाच घरी पाणी भरून मीही कंटाळले होते."



खिंडीत पाणपोई उभी राहिली. वर गवताचं छप्पर, खाली वाळूत पुरलेले रांजण, बाजूला तुळसेनं लावलेलं तुळशीचं रोप. तांडेवाले जाताना जोंधळे ठेवून जात, कासार तुळसेच्या हातात बांगड्या भरून जाई, माहेरवाशिणी परत येताना शिदोरीतलं काही सोडून जात. म्हाळोजीच्या हातातलं भांडं आता कधी रिकामं होत नसे, आणि झालं तर कुणाची तरी तहान भागल्यामुळं होई. तांबडं मुंडासं त्यानं घडी घालून ठेवलं होतं. सणाला बांधत असे.

वर्ष फिरलं. पाडव्याचा दिवस उजाडला. ऊन चढू लागलं होतं, पाणपोईपुढं रांग लागली होती. इतक्यात साळुंकी उडत आली आणि रांजणाच्या झाकणावर बसली.

"राजाज्ञा?" म्हाळोजीनं विचारलं.

"नाही," साळुंकी म्हणाली. "मला काहीच बोलायचं नाही असं सांगितलंय. ते स्वतः बोलणार आहेत."

खिंडीच्या वळणावरून राजा भानुकीर्ती चालत येत होता. घोडा नाही, पालखी नाही, छत्र नाही. खांद्यावर तांब्याची झारी घेतलेली. झारी काठोकाठ कैरीच्या पन्ह्यानं भरलेली होती आणि चढणीवर हिंदकळत होती. राजा घामानं डबडबला होता, धापा टाकत होता. रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली, पण तो पुढं घुसला नाही. एका कासाराच्या मागं जाऊन उभा राहिला.

त्याची पाळी आली. त्यानं झारी उतरवून तुळसेजवळ दिली.

"वाड्यात पन्हं केलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, काकांना नेऊन द्यावं. पण आधी पाणी."

तुळसेनं पेला पुढं केला. राजानं मान हलवली. म्हाळोजी हसला, रांजणात हात बुडवून त्यानं ओंजळ भरली आणि पुढं धरली. राजा वाकून प्याला आणि त्यानं डोळे मिटले.

तुळसा मात्र राजाच्या खांद्याकडे बघत होती. तिथं त्यानं झारीखाली घडी घातलेलं फडकं ठेवलं होतं, आणि ते चिंब ओलं झालं होतं. तिनं न विचारता ते काढून घेतलं, पिळलं आणि छपराच्या बांबूवर वाळत घातलं.

पन्हं सगळ्यांनी मिळून प्यायलं. मग झारी रिकामी झाली, आणि रिकामं भांडं तर परत द्यायचं नसतं. तुळसेनं त्यात डोंगरची करवंदं भरली आणि राजाच्या खांद्यावर दिली. पुढच्या सणाला झारी वाड्यातून लाडू भरून वर आली. त्याच्या पुढच्याला खिंडीतून मध भरून खाली गेली. राजे बदलले, पाणपोईवरची माणसं बदलली, साळुंकीच्याही नाती-पणत्या आल्या, सोन्याची साळुंकी मात्र कुणी केली नाही. ती झारी मुळात वाड्याची की म्हाळोजीच्या घरची, यावर त्या राज्यात अजून लोक भांडतात. पण ती भरलेली असते, यावर कुणाचं भांडण नाही.